बापूकाकांच्या गाडीचं दावं

फाटकाशी उभी राहून "गाडी तपासायला आले" असं म्हटलं की आतून पहिलं उत्तर बहुधा येतं, "वर्गणी कालच दिली बाई." कुणी मला जनगणनेवाली समजतं, कुणी पोलिओवाली. अमरावतीत राजापेठेतल्या एका घरात तर आजींनी नातवाला ओट्यावर आणून त्याचं तोंडच उघडून धरलं होतं. मी बॅगेतून टॉर्च आणि लोहचुंबक बाहेर काढलं, तेव्हा त्या बाळ घेऊन घाईने आत गेल्या आणि दाराला कडी लावून घेतली. गाडी तपासणारी व्यक्ती साडी नेसून येईल हे आमच्या वऱ्हाडाच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. लोकांना जुनी गाडी विकायची असते. पूर्वी ते चौकातल्या पानठेल्यावर सांगून ठेवत, आता फोनवरच्या ॲपवर टाकतात. ॲपवाली कंपनी बसते पुण्यात, गाडी असते अमरावतीला नाहीतर अकोल्याला, आणि दोघांच्या मध्ये मी. घरी जाऊन गाडी तपासायची, चहूबाजूंनी फोटो काढायचे, दोष लिहायचे, अहवाल वर चढवायचा. तो वाचून गिऱ्हाईक प्रत्यक्ष बघायला येतं. सौदा जमला की आकडा ॲपवर भरायचा, दोन्ही बाजूंनी 'मान्य' दाबायचं, आणि पुढचे कागद कंपनी करते. अहवाल थोडे दिवसच चालतो. तेवढ्यात गाडी गेली नाही तर मला पुन्हा जावं लागतं आणि पुण्याहून फोन येतो, "मॅडम, अजून का नाही गेली?" जणू मीच ती दाबून बसले आहे.

माझ्या वडिलांचं बडनेऱ्याला गॅरेज होतं. रेल्वेवाल्यांच्या स्कूटर आणि गावातल्या जीपगाड्या बघतच मी मोठी झाले. पुढे अमरावतीत एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर बरीच वर्षं काढली आणि ते बंद पडल्यावर या कामाला लागले. त्यामुळे मला फसवणं जरा जड जातं. मीटर मागे फिरवणारे पुष्कळ भेटले, पण क्लचच्या पायपट्टीचं झिजलेलं रबर बदलायचं कुणाला सुचत नाही. चेपलेल्या दारावर पुट्टी भरून कितीही चकचकीत रंग मारा, चुंबक तिथे चिकटत नाही. मालक मात्र चिकटून राहतो, की गाडीला कधी ओरखडाही गेला नाही. अशा वेळी मी चुंबक त्याच्याच हातात देते. मग चहा येतो.

लोकांचा तऱ्हेवाईकपणा काय सांगावा. बडनेऱ्याच्या एका कुटुंबाला मी म्हटलं, आता फोटो काढते. तर सगळं घर आत पळालं आणि नवे कपडे घालून आलं. आजोबा बोनेटला टेकून, बायका दाराशी, पोरं टपावर. "गाडी एकटी काहून काढता, ती काय अनाथ आहे?" असं घरच्या कर्त्या बाईंनी मलाच ऐकवलं. नेटवर्क नव्हतं, मी घाईत होते, आणि तोच फोटो पहिला चढला. त्या गाडीला चौकशा आल्या त्या बहुतेक उजवीकडच्या निळ्या ड्रेसमधल्या मुलीचं जमलं आहे का म्हणून. शिवाय नंबरपट्टीचं राजकारण वेगळंच. अमरावतीचा माणूस अकोल्याची तीस नंबरची गाडी घेताना नाक मुरडतो आणि अकोल्याच्या माणसाला अमरावतीच्या सत्तावीस नंबरच्या गाडीत बसलं की सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते अकोल्याच्या बापूकाकांच्या गाडीबद्दल. इतकी साधी गाडी, आणि इतका त्रास मला दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिला नाही.

पांढरी, छोटी, जुन्या धाटणीची गाडी. ॲपवर टाकली होती त्यांच्या मुलीने, ती असते अमरावतीला. मी गेले तेव्हा बापूकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हातात गाडीची चावी, तिच्या बटणावर अंगठा. ते बटण दाबत, फाटकाजवळची गाडी 'टुक-टुक' करी, आणि ते मान हलवत. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"काय करून राहिले काका?" मी विचारलं.

"आहे का नाही, पाहून राहिलो," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. ओट्यावरून एका बाजूला फाटकाजवळ उभी असलेली गाडी त्यांना दिसत नव्हती. काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर गेली होती, समोरचं तेवढं नळीतून पाहावं तसं उरलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. तरी दर शनिवारी काका बोरगाव मंजूच्या पुढे त्यांचं वावर, म्हणजे शेत होतं तिथे स्वतः गाडी हाकत जात. वावर केव्हाच ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं होतं, तिथे त्यांना काही काम नव्हतं. लिंबाखाली बसायचं, काळ्या मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन फोडायचं आणि परत यायचं, एवढंच.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, गरम पोळी आणि वांग्याची भाजी वाढली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "जयाताई, मागच्या महिन्यात हे भाजीवाल्याची ताडपत्री घेऊनशान घरी आले. गाडीले अटकली होती, यायले सोताले पत्ता नाही. भाजीवाला मांगून पयत आला. आता त्या ताडपत्रीखाली एखादं पोट्टं असतं तं? मले रात्री झोप नाही लागत. ही गाडी इका तुमी."

बाहेर आले, तर काकांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि तेही आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी इकू नको म्हनत नाही. पन एक ध्यानात घ्या. गाडी गेली का मी बी घरातलं सामान झालो. जिथं ठेवतीन तिथं राहीन."

दोघांचंही म्हणणं मला पटलं. अशा वेळी काय करायचं हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी चुंबक घेऊन गाडीकडे गेले.

काका सरळ माणूस. विकणार नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त खरं बोलायचा धडाका लावला. माल विकताना खोड लपवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम, आणि या वयात तो त्यांच्या फारच उपयोगी पडला. पहिलं गिऱ्हाईक आलं, शिकवणी वर्ग चालवणारे एक सर. त्यांना गाडी आवडली होती. काका म्हणाले, "सर, हा एसी अकोल्याच्या उन्हाळ्यात फक्त आवाज करते. पावसाळ्यात टपातून पानी येते, ते बरोब्बर डायवरच्या मांडीवर पडते. अन् क्लच हळू सोडा लागते, नाहीतं गाडी ढुसनी मारते." सर तरीही "बघू, दुरुस्त करून घेऊ" म्हणाले. तेव्हा काकांनी ठेवणीतलं काढलं. मूर्तिजापूरला पुतण्याच्या वरातीत ही गाडी बरोबर मधोमध बंद पडली, हॉर्न तेवढा चालू राहिला, नवरदेवाचा घोडा बिथरून थेट मांडवात शिरला आणि नवरदेवाआधी घोड्यालाच अक्षता पडल्या. सर चहा न पिताच गेले.

दुसरं गिऱ्हाईक असंच गेलं. तिसऱ्याला काकांनी स्वतः हात धरून दारावरच्या पोच्यापाशी नेलं, त्यात बोटं घालायला लावली आणि तो पोचा कुठल्या खांबाने कसा पाडला ते सविस्तर सांगितलं. मी पुन्हा तपासायला गेले, आणि त्यानंतर पुन्हा. अहवालात दरवेळी तेच, काकूंच्या ताटात मात्र दरवेळी नवीन काहीतरी. काकूंचा चेहरा उतरत चालला होता. एक दिवस त्या म्हणाल्या, "आता तं शनिवार आला का मी देवापाशी बसतो, हे येईपर्यंत उठत नाही." मी काकांवर खरोखर चिडले होते, आणि त्यांच्याशी भांडावं तर ते एक अक्षर खोटं बोलत नव्हते.

मग आले सुदामभाऊ.

सुदामभाऊ बडनेऱ्याकडचे, बैलांचे व्यापारी. बाजार-बाजार मोटरसायकलवर फिरून गुडघे गेले, म्हणून त्यांच्या मुलाने ॲपवरून ही गाडी शोधलेली. धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर दुपट्टा. माझा अहवाल त्यांनी वाचला नव्हता आणि वाचायची इच्छाही नव्हती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला थाप दिली, वाकून चारी टायर पाहिले. मग मला म्हणाले, "बाई, जरा चालवून दाखवा. मी चाल पाहातो." मी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गाडी नेली आणि आणली. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून चाकांकडे बघत होते. गाडी थांबली तर उठून म्हणाले, "मांगचा डावा पाय जरा झोकते." ते खरं होतं. मागचा डावा शॉकअप गेलेला मी अहवालात लिहिला होता.

काकांनी सुरुवात केली. एसी सांगितला, गळणारा टप सांगितला, क्लच सांगितला. प्रत्येक दोषाला सुदामभाऊंचा चेहरा जास्तच खुलत गेला. मी चक्रावले.

"बापू," ते म्हणाले, "इतकी वर्सं बाजार केले, पन खोड सांगनारा मालक नाही पाहिला. मारकी नाही न?"

"मारकी कशी असन? गाडी आहे ते."

"बसकी?"

"वरातीत बसली होती," काका आशेने म्हणाले, आणि घोड्यासकट सगळं सांगितलं.

"एक डाव बसनं माफ आहे," सुदामभाऊ म्हणाले. "गर्दीत बैलबी बुजते." आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात काकांपुढे धरला.

बैलबाजार न पाहिलेल्यांसाठी सांगते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा दुपट्ट्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगतात. एक बोट धरलं तर एक, पूर्ण पंजा धरला तर पाच. तो एक हजारांतला की दहा हजारांतला, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं. भोवती कितीही माणसं असोत, सौदा त्या दोघांपलीकडे कुणाला कळत नाही. आणि एकदा पंजा मिळवला की सौदा झाला, मग मागे फिरणं नाही.

काकांनी उमेदीच्या काळात किती बैलजोड्या अशा विकल्या असतील. त्यांच्या डोक्याने विचार करण्याआधीच हात दुपट्ट्याखाली गेला. आम्ही बघत राहिलो. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या. दुपट्टा मधूनच हलायचा, मग शांत व्हायचा. दोघांपैकी कुणीही खाली बघत नव्हतं. बराच वेळ गेला. माझ्या मनात आलं, आता काका हात झटकून काढतील आणि मला चौथा अहवाल लिहावा लागेल. पण हात बाहेर आले ते पंजात पंजा अडकवूनच.

"झालं," सुदामभाऊ म्हणाले.

काका आपल्या हाताकडे बघत बसले. "हात देऊन बसलो न मी," एवढंच म्हणाले. काकूंनी तांब्या खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

मी फोन काढला. "किती ठरले?"

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी चारचौघांत कुणाचं वय विचारलं.

"भाव तोंडानं नाही सांगत," सुदामभाऊ म्हणाले.

"अहो, ॲपवर भरावा लागतो."

"मंग भरा."

"पण किती?"

एवढी मोठी कंपनी त्या एका रिकाम्या चौकोनापाशी अडली. शेवटी तोड काकूंनी काढली. त्यांनी पदर पुढे केला, काकांचा हात त्याखाली घेतला, भाव समजून घेतला, मग माझा हात तसाच पदराखाली घेतला आणि बोटं दाबली. मी मोठ्या आत्मविश्वासाने आकडा भरला. लगेच पुण्याहून फोन. तिकडचा साहेब म्हणाला, "मॅडम, या किमतीत गाडी येते की सायकल?" मी एक शून्य कमी धरलं होतं. काकूंनी पुन्हा माझा हात घेतला आणि या वेळी अशी बोटं दाबली की अंगठी रुतली. साहेबाला तरी खात्री हवी होती. "विक्रेत्याच्या तोंडून किंमत ऐकवा," तो म्हणाला. मी फोन काकांपुढे धरला. काका फोनला म्हणाले, "तुमी अथी या. हात द्या, सांगतो." सुदामभाऊंनी दुपट्टा तयारच ठेवला होता. साहेबाने बाकीचा आग्रह सोडला.

मला वाटलं संपलं. पण कंपनीच्या यादीत शेवटी असतं, 'चाव्या दोन'. काकांनी एक चावी सुदामभाऊंच्या हातावर ठेवली. दुसरी त्यांच्या मुठीतच.

"काका, ती पण द्यावी लागते."

"दावं कोनी देते काय?" काका म्हणाले.

बैल विकताना दावं, म्हणजे त्याला बांधायचा दोर, मालक स्वतःकडे ठेवतो. बैल जातो, गोठ्याची बरकत राहते. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं. हे मला माहीत होतं, पण दाव्याला सेंट्रल लॉकिंगचं बटण असतं हे नवीन होतं. मी सुदामभाऊंकडे आधारासाठी बघितलं. ते उलट माझ्यावरच रागावले. "त्यायनं देल्लं तरी मी घेनार नाही," म्हणाले. "इकनाऱ्याचं दावं घेऊन कोनाचं भलं झालं?" ज्याने गाडी घेतली त्यालाच चालतं म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू. यादीत 'दुसरी चावी' पुढे मी 'विक्रेत्याकडे, स्थानिक प्रथा' असं लिहिलं. पुण्याचा साहेब अजूनही कधीमधी विचारतो, ती प्रथा नेमकी काय आहे. मी सांगते, या, हात द्या.

सुदामभाऊ गाडीत बसायला लागले तेव्हा मी त्यांना फाटकाशी गाठलं. "इतका वेळ काय चाललं होतं हो? काका जास्त मागत होते का?"

त्यांनी ओट्याकडे एकदा पाहिलं. "भाव तं पहिल्याच दाबाले जमला होता," ते म्हणाले. "बाकी टाइम बुढा हात सोडूनच नाही राहिला. मंग मी बी नाही काढला." आणि क्लच भसकन सोडून, ढुसणी खात ते निघून गेले.

त्यानंतर मी अकोल्याला गेले की काकूंकडे डोकावायचे. काकू झोपायला लागल्या होत्या, चेहरा भरला होता. काका मात्र म्हणाले होते तसेच झाले होते. ठेवलं तिथे बसत. शनिवारी सकाळी उठून कपडे करत, चप्पल घालत, आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसत. मुलीने रिक्षा ठरवून दिली तर म्हणाले, दुसऱ्याच्या गाडीत मले पाहुन्यासारखं वाटते. हातात ती चावी असे आणि अंगठा बटण दाबत राही.

"दिवसभर दाबते," काकू मला म्हणाल्या. "आता कोन बोलन तिकून?"

हे सगळं मीच जमवून आणलं होतं आणि ते बरोबरच होतं. एखादी ताडपत्री, एखादं पोर वाचलं असेल. तरी त्या ओट्यावरून उतरताना मला वाईट वाटायचं, आणि ते खोटं कशाला लिहू.

पोळ्याला काकूंनी जेवायला बोलावलं. गोठा केव्हाच रिकामा झालेला, तरी पाटावर मातीची जोडी मांडून त्यांनी पूजा केली होती. घरभर पुरणाचा वास. काका धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर, मी पायरीवर. रस्त्यावरून घुंगरांचे आवाज येत होते आणि दुसऱ्यांचे बैल दुसऱ्यांच्या दारात जात होते. काकांचा अंगठा सवयीने बटणावर गेला.

फाटकाबाहेरून आवाज आला, 'टुक-टुक'.

काकांनी चावी कानाशी नेली. मग पुन्हा दाबली. 'टुक-टुक'.

मी धावत फाटकाशी गेले. गाडी उभी होती. आरशांना शिंगांसारखा हिंगूळ फासलेला, त्यांना गोंडे बांधलेले, बोनेटवर बेगड, टपावर झूल. आत सुदामभाऊ दाराशी झटापट करत होते, कारण ते दार उघडायला जात तेवढ्यात काका ओट्यावरून पुन्हा कुलूप लावत. काच खाली करून ते मला म्हणाले, "बाई, त्यायले थांबवा. पोया आहे, म्हटलं जुन्या मालकाच्या दारी न्यावं. बैल नेतो तं ईले काहून नाही?"

काका तोवर भिंत धरत धरत आले होते. त्यांनी दारावर हात फिरवला, पोचा सापडला, त्यात बोटं घातली. "हे नाही काढलं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"तुमी सांगतली ते एकबी खोड मोडली नाही मी," सुदामभाऊ म्हणाले.

काकू ताट घेऊन आल्या. त्यांनी बोनेटला हळद-कुंकू लावलं आणि पुरणपोळी कुठे ठेवावी म्हणून मला विचारलं. इतक्या गाड्या तपासल्या, पण गाडीचं तोंड कुठे ते मलाही सांगता येईना. शेवटी त्यांनी ती पुढच्या जाळीपाशी धरली.

काका बोनेटला हात लावत उजव्या दाराशी आले आणि त्यांनी हँडल धरलं. काकूंचं ताट हवेतच राहिलं. सुदामभाऊ आपल्या जागेवरून हलले नाहीत. काकांनी हँडल सोडलं. मग तसाच हात टेकत ते गाडीच्या पुढून पलीकडे गेले, डावं दार चाचपून स्वतः उघडलं आणि आत बसले.

"चाल," ते सुदामभाऊंना म्हणाले, "वावर दाखवून आन. अन् क्लच हळू सोडजो, खोड आहे तिले."